तन्वीचं वजन

४ जानेवारी १९९८, सातारा

पत्र्याच्या छपराखाली सगळ्या वर्गानं एकदम श्वास घेतल्याचा आवाज. कविता नव्हे, कवितेच्या आधीचा तो श्वास. मी छडीनं टेबलावर ठेका धरायचो, ‘हं’ म्हणायचो, आणि पोरं छाती भरून घ्यायची. विट्याच्या पुढं उघड्या माळावरच्या त्या शाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. कानांनी तो आवाज अजून जपून ठेवला होता हे आज कळलं. माझ्या मुलानं, मकरंदनं, टेबलावरचं नवं यंत्र चालू केलं आणि आतून अगदी तसाच श्वास उमटला. माझे डोळे पाणावले.

“नाना, आतला पंखा आहे तो,” मकरंद म्हणाला.

यंत्र त्याच्या कंपनीचं आहे, गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी दिलेलं. मांडीवरचा संगणक. मी आजवर पाहिलेले संगणक म्हणजे म्हशीच्या तोंडाएवढे डबे. हा मिटला की जाडशा वहीएवढा. सावळा रंग, कडा अशा गोलसर की हात फिरवावासा वाटतो. वजन दीड किलो. इतका हलका बाजारात दुसरा नाही, असं मकरंद म्हणतो. मोठ्या साहेबलोकांनाच परवडावा असा आहे. मी त्याचं, म्हणजे तिचं, नाव तन्वी ठेवलं.

“माझी पाण्याची कळशी आहे की,” पल्लवी स्वयंपाकघरातून म्हणाली. “तिलाही एखादं नाव सुचवा. रोज कमरेवर असते.”

सूनबाई विनोदी आहे.

दुपारी पडलो होतो तेव्हा आतलं बोलणं कानावर आलं. मार्चच्या आत एक मोठी ऑर्डर मिळाली नाही तर कंपनी सातारा-सांगलीचं काम बंद करणार आहे. मग मकरंदची नोकरी जाईल, पुण्याला एखाद्या खोलीत राहून नवी शोधावी लागेल. “नानांना वाईला बनूआत्याकडं ठेवू,” तो म्हणाला. पल्लवी म्हणाली, “आत्याकडं एकच खोली आहे हो.” तो म्हणाला, “नानांना जागा लागते किती?”

माझ्या गरजा किती थोड्या आहेत हे पोरानं बरोबर ओळखलं आहे. वाईचा घाट, कृष्णेचं पाणी, देवळातल्या घंटा. काव्यच आहे सगळं. पण खरं लिहायचं तर मला जायचं नाही. इथं सकाळी मकरंद दाढी करताना दिसतो. तेवढं दिसलं की मला दिवस पुरतो. ती ऑर्डर मिळालीच पाहिजे.

९ जानेवारी

तन्वीचे गुण पाहिले, आता दोषही पाहिले पाहिजेत. परीक्षकानं भावनेच्या आहारी जाऊ नये.

वीज गेली की तास-दीड तासात मान टाकते. काल मी माझी एक जुनी कविता इंग्रजी अक्षरांत टिपत बसलो होतो. मराठी तिला येत नाही. शेवटच्या कडव्याला पडदा काळा झाला. अंगणात उन्हात नेली तर काहीच दिसत नाही, स्वतःचं तोंड तेवढं दिसतं. बराच वेळ मांडीवर ठेवली की चटके बसतात. कळांच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी घुंडी आहे, तिच्यावर बोट ठेवलं की बाण चिमणीसारखा उडतो. झाकण इतकं पातळ आहे की मकरंद मला एका हातानं उघडू देत नाही.

सगळ्यात मोठा दोष असा की पोटात जागा नसल्यामुळं फ्लॉपी घालायचा डबा वेगळा, त्याची वायर वेगळी. चार्जर वेगळा, विटेएवढा. जादा बॅटरी वेगळी. स्वतः राणी हलकी, पण पालखीमागून सामानाच्या गाड्या.

हे मी मकरंदला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “हे गिऱ्हाइकासमोर बोललात तर बघा.”

१५ जानेवारी

आज गंमत झाली. मकरंद उंब्रजला खताचे व्यापारी हंबीरराव यांच्याकडं निघाला होता. मला घरी कंटाळा आला होता, म्हणून गाडीत बसलो. तिथं पोचल्यावर कळलं की फ्लॉपीचा डबा साताऱ्यातच राहिला. दाखवायचं ते काहीच दाखवता येईना. मकरंदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“लय नाजूक दिसतंया,” हंबीरराव म्हणाले. “आमच्या दिवाणजीच्या हातात दोन दिस टिकायचं न्हाई.”

निघायचं म्हणून मी तन्वी उचलून पिशवीत ठेवायला गेलो. एका हातानं. हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. “आरं तिच्या! ह्यो म्हातारबा तर भाकरी उचलल्यागत उचलतोय की! पुन्हा उचला बघू, आज्जा.”

मी पुन्हा उचलली. दुकानातले हमाल गोळा झाले. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा टाळ्या पडल्या. हंबीररावांनी पुण्यात शिकणाऱ्या पोरासाठी एक घेतो म्हणून सांगितलं आणि मला तिळगूळ दिला.

परतीच्या वाटेवर मकरंद माझ्याकडं सारखा पाहत होता. लहानपणी मी निकाल घेऊन यायचो तेव्हा माझे वडील माझ्याकडं असे पाहायचे.

२४ जानेवारी

आता मी रोज बरोबर असतो. मकरंदनं सांगितलं, पायजमा नको, धोतर नेसा, टोपी घाला, काठी घ्या. मी म्हटलं, मला काठी लागत नाही. तो म्हणाला, “लागते असं दाखवायचं. आणि उचलताना हात थोडा थरथरू द्या. मग लोकांना पटतं.”

मी आरशासमोर हात थरथरवण्याचा सराव केला. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकं बसवलेली आहेत मी, मला अभिनय नवा नाही. पल्लवी दारातून बघत होती. म्हणाली, “नाना, एवढा नको. पडेल बिडेल.”

तन्वीवर एक ओवीही रचली आहे. उचलतानाच म्हणतो.

कमळाहुनी हलकी काया ।
विजेची भरली जीत माया ।
उघडताच पान वाचाया ।
जग देई ॥

मकरंदला कविता आवडत नाहीत असं मी समजत होतो. तो म्हणाला, “राहू द्या. लोक हसतात, वातावरण मोकळं होतं.”

३ फेब्रुवारी

शिराळ्याला एका पतसंस्थेत गेलो. संचालक मंडळी तरुण होती. मी ओवी म्हणून तन्वी डोक्याच्या वर धरली. एकानं विचारलं, “ह्ये आजोबा भाड्यानं आणल्यात काय हो?”

मकरंद हसला. म्हणाला, “आमच्या ऑफिसातलेच आहेत.”

व्यवसायात नाती सांगत बसू नये, हे बरोबरच. तरी गाडीत मी टोपी काढून मांडीवर ठेवली. घरी येईपर्यंत घातली नाही. पतसंस्थेनं नंतर कळवतो म्हणून सांगितलं. सगळेच नंतर कळवतो म्हणतात. हसतात, टाळ्या वाजवतात, आणि निम्म्या किमतीचा जड डबा घेतात.

११ फेब्रुवारी

आनंदाची बातमी! विट्याकडच्या एका दूध संघाला गावोगाव फिरणाऱ्या सगळ्या सुपरवायझरांसाठी हलके संगणक हवे आहेत. हीच ती मोठी ऑर्डर. आणि संघाचा अध्यक्ष कोण? अर्जुना! माझ्या त्या माळावरच्या शाळेतला. मेंढपाळाचा पोरगा, आवाज घोगरा, अंगाला लोकरीचा वास, यायचा तो उशिरा. शाळा टिकली नाही त्याची. एके दिवशी मेंढरांबरोबर गेला तो गेलाच. त्या लोकांचं मन चार भिंतींत रमत नाही. पण बघा, माझ्या हाताखालून गेलेलं पोर वाया जात नाही.

मकरंदनं फोनवर माझं नाव सांगितलं तर तिकडून अर्जुनानं ते दोनदा विचारून घेतलं म्हणे. मग म्हणाला, “गुरुजीस्नी घिऊनच या. त्यांच्याबिगार येऊ नका.”

मी पल्लवीला म्हटलं, गुरूचं ऋण असं असतं. तिनं माझं धोतर खळ घालून वाळत टाकलं. पहिल्यांदाच, न सांगता.

२१ फेब्रुवारी

उजवा अंगठा वळत नाही, म्हणून अक्षर वाकडं येतं आहे. कालचं लिहितो.

अर्जुना दारापर्यंत आला. आता धिप्पाड झाला आहे. पांढरा शर्ट, कपाळाला भंडारा. वाकून पाया पडला. “आवं गुरुजी, तुमी आजून हायसा व्हय?” म्हणाला. संचालक टेबलाभोवती बसलेले. मी ओवी म्हटली. कोणी हसलं नाही.

“वजन किती म्हनला?” त्यानं मकरंदला विचारलं.

“दीड किलो फक्त.”

“आमच्या मानसांस्नी दिसभर वागवायचं आसतंय. गुरुजी, धरा बघू. तसं न्हवं. दोनी हात म्होरं. तळवं वर. त्यावर ठिवा. कोपर ताठ. मी म्हनंस्तवर.”

ह्यात काय कठीण! मी धरलं. खिडकीतून माळ दिसत होता, तोच माझा माळ. मन प्रसन्न झालं.

“लाइटीबिगार किती चालतंय?”

“दीड तास,” मकरंद म्हणाला. “पण जादा बॅटरी असते.”

“कुटं हाय? ठिवा तिच्यावर.”

मकरंदनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग बॅटरी तन्वीवर ठेवली.

“आन् चार्जर? त्यो बी लागतुयाच न्हवं? आन् त्यो फ्लापीचा डबा? ठिवा, ठिवा. आमच्या पोरास्नी समदंच वागवाया लागंल.”

मकरंद एकेक वस्तू ठेवत गेला. वायर माझ्या मनगटाशी लोंबत होती. हात थरथरायला लागले. ह्या वेळी मी थरथरवत नव्हतो. चहा आला. त्यांनी म्हशीच्या फॅटवर चर्चा केली, कडब्याच्या भावावर केली. कपबशा रिकाम्या झाल्या, शिपाई त्या घेऊन गेला. एक वयस्क संचालक अर्जुनाला म्हणाले, “आबा, बास की आता.”

“बास कसं? कविता कुटं झाली? गुरुजी, म्हना, सुरवातीपास्नं. कोपर वाकलं.”

मी पहिली ओळ म्हटली. दुसरीला श्वास पुरेना. मकरंदकडं पाहिलं. तो ओठांनी म्हणाला, “थोडंच, नाना.” अर्जुनाच्या कपाळावर माझ्यापेक्षा जास्त घाम होता. भंडारा ओला होऊन भुवईवर आला होता. मला वाटलं, त्याला ताप आहे की काय.

आधी डबा घसरला. मग सगळंच.

तन्वी कोपऱ्यावर पडली. मकरंदनं गुडघ्यावर बसून झाकण उघडलं. पडद्यावर दौत सांडल्यासारखा काळा डाग पसरला होता आणि तो हळूहळू वाढत होता.

“समद्या वर्गाच्या पाट्या हुत्या माज्या हातावर,” अर्जुना म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. “कविता पाठ न्हवती म्हनून. पाट्या पडल्या. फुटली ती धोंडूची. माज्या भनीची. बापानं तिला दुसरी घिऊन दिली न्हाई, मेंढरामागं धाडलं. माज्यापरीस हुशार हुती ती. गुरुजी, आठवतंय का?”

मला आठवलं! पाट्यांचा मनोरा! किती हसायचा सगळा वर्ग. गोवर्धन उचलणारा कृष्ण, असं मी कौतुकानं म्हणायचो त्या पोराला, ज्याची पाळी असेल त्याला. इतक्या वर्षांनी अर्जुनानं ती गंमत पुन्हा मांडली. “आठवतंय की,” मी म्हटलं, आणि हसलो. माझ्याबरोबर कोणी हसलं नाही. ते वयस्क संचालक उठून बाहेर गेले.

मग अर्जुनानं शेजारच्या खोलीचं दार ढकललं. आत खोकी होती. जड, जाड संगणकांची.

“ह्ये आमी तुमचा फोन यायच्या आदीच, गेल्या म्हयन्यात घेतलं. जड हाय. पर पडलं तर फुटत न्हाई.”

कऱ्हाडला मकरंदनं गाडी बाजूला घेतली. मग म्हणाला, “एवढंसं धरता आलं नाही तुम्हाला?” आणि थोड्या वेळानं, “किती जणांना उभं केलंत असं?”

मी म्हटलं, अरे, त्या काळची शिस्त ती. तुलाही उभं करायचो घरी, पाढे चुकलास की. आठवतं?

“हो,” तो म्हणाला. “आठवतं.”

मग साताऱ्यापर्यंत त्यानं गाडी जोरात हाणली. बिचाऱ्याला ऑर्डर गेल्याचं दुःख.

२६ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, दोन्ही खांद्यांच्या शिरा दुखावल्या आहेत, वयामुळं किती भरून येईल सांगता येत नाही. घास तोंडापर्यंत जात नाही. पल्लवी भरवते. भात कालवून, पटपट. “आ करा,” म्हणते. “गिळा.” “आ करा.” काल मी घास तोंडात असताना कवितेची ओळ म्हणायला लागलो तर तिनं वाटी खाली ठेवली आणि थांबून राहिली. ओळ संपल्यावर पुन्हा वाटी उचलली नाही.

विस्मरण झालं असेल तिला. घरात काळजी आहे.

मोडलेली तन्वी मकरंदनं कंपनीत नेऊन दिली. पिशवी मात्र घरीच राहिली आहे, मऊ अस्तराची. मी तिच्यावर हात ठेवून बसतो. सवय.

४ मार्च

कंपनीनं इथलं काम बंद केलं. गाडीही परत नेली. मकरंद पुण्याला खोली बघून आला. मी विचारलं, दोन खोल्या आहेत का? तो म्हणाला, “एक.” मी म्हटलं, मला जागा लागते किती? माझं मलाच हसू आलं, हे वाक्य मी कुठंतरी ऐकलं होतं. तो हसला नाही.

मी त्याला सांगितलं, मी वाईला जायला तयार आहे. घाटावर बसून कविता लिहीन. हातांना बरं वाटलं की. हे सांगताना आवाज नीट ठेवला. तो म्हणाला, “रविवारी सकाळच्या एसटीनं.” म्हणजे ठरलेलंच होतं. मी तयार आहे हे सांगायची गरज नव्हती.

आज सकाळी तो दाढी करत होता तेव्हा मी दारात जाऊन उभा राहिलो. त्यानं आरशातून पाहिलं आणि पायानं दार लोटलं.

८ मार्च, रविवार

माझी पेटी दाराशी ठेवली आहे. मकरंद स्टँडवर बनूकडं फोन करायला गेला आहे. ती घरी आहे की नाही, हे अजून कोणी विचारलेलंच नाही. पल्लवी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळते आहे. खांदे ठणकताहेत. पेन्सिल मुठीत धरून लिहितो, पहिलीतल्या पोरासारखी.

आत्ता कडी वाजली. मला वाटलं मकरंद आला. पल्लवीनं दार उघडलं आणि मला हाक मारली, “नाना, तुमच्याकडं कुणी बाई आल्यात.”

माझ्याकडं? वर्षानुवर्षं माझ्याकडं कोणी आलेलं नाही. खुर्चीतून वाकून पाहिलं. उंच बाई, केस पांढरे, खांद्यावर घोंगडं, टाचा भेगाळलेल्या. उन्हातान्हात वाळलेला चेहरा. मी ओळखलं नाही.

“मी धोंडुबाई,” ती म्हणाली. “आर्जुनाची भन. त्यानं काय केलं त्ये मला काल कळलं. म्हनून रातच्या मुक्कामाच्या यष्टीनं आले.”

मी म्हटलं, अगं, या, या! आत या, बसा. अर्जुनाचं काही मनात धरू नका, मी त्याला केव्हाच क्षमा केली आहे. वर्गात मुलं खोड्या करायचीच.

ती माझ्या हातांकडं पाहत राहिली. बराच वेळ.

“त्यानं त्याचं केलं,” ती म्हणाली. “मला माजं बोलायचं हाय. आत न्हाई येत. तुमी भायर या.”

पल्लवी भांडी ठेवून उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं तिनं.

डोळे भरून आले माझे. उशिरा आलेल्यानं परवानगीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा माझा वर्गातला नियम. इतकी वर्षं मेंढरांमागं हिंडूनही ह्या बाईनं तो पाळला. नाही म्हटलं तरी शाळेचं वळण जात नाही. भेटायला आली आहे, बोलायचं आहे म्हणते. एखादी कविता अर्धी राहिली असेल तिची. एवढं लिहून टोपी घालतो आणि बाहेर जातो.

टोपी घेऊन हात डोक्यापर्यंत जात नाही. तशीच मुठीत घेऊन जातो. ती अजून उभीच आहे.